‘सर्वांत कठीण प्रसंग’ विचारणाऱ्या मुलाखतकारांना खुलं पत्र

नोकरीच्या आणि प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या पुण्यातल्या सर्व मंडळींना,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी काहींनी माझी मुलाखत घेतलेली आहे. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण तक्रार एका कुणाबद्दल नाहीच. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत बसणारे, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात ऑफिस थाटलेले, कॉलेजच्या कॉन्फरन्स रूममध्ये बिस्किटांची बशी पुढ्यात घेऊन बसणारे, सगळ्यांच्या यादीत एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण वैयक्तिक प्रसंग सांगा, आणि त्यातून मार्ग कसा काढलात तेही सांगा.

मी तोतरी आहे. हा प्रश्न तुम्ही तोंडी विचारता आणि उत्तरही तोंडीच मागता, तेव्हा माझा सर्वांत कठीण प्रसंग तुमच्या समोरच चालू असतो. तुम्ही तो बघता आणि कागदावर लिहिता, ‘आत्मविश्वास कमी’.

तोतरं म्हटलं की लोकांना एकाच अक्षराची आवर्तनं आठवतात. नाटक-सिनेमांतल्या विनोदी पात्रांनी तेवढंच शिकवलंय. माझ्या बाबतीत तो प्रकार कमी. माझा आवाजच बंद पडतो. शब्द माहीत असतो, वाक्य जुळून तयार असतं, ओठ ‘प’साठी मिटतात आणि उघडत नाहीत. हवा घशात अडून राहते, मानेच्या शिरा ताठरतात, कधी डोळे आपोआप मिटतात. वाक्चिकित्सेत, म्हणजे स्पीच थेरपीत, याला ब्लॉक म्हणतात. घड्याळात बघितलं तर तो चार-पाच सेकंदांचा असतो, क्वचित जास्त. पण मुलाखतीच्या खोलीत तेवढी शांतता कुणाला झेपत नाही. कुणी खाकरतं, कुणी माझा बायोडेटा पुन्हा चाळतं, कुणी माझ्याऐवजी बोलून टाकतं.

कोणती अक्षरं अडणार याचा साधारण अंदाज असतो, त्यामुळे आम्ही जन्मभर शब्द बदलत बोलतो. ‘ड’ आणि ‘प’ माझे जुने वैरी. कोथरूडहून बसनं निघावं, उतरायचं असावं डेक्कनला आणि कंडक्टर समोर येऊन उभा राहिला की तिकीट काढावं पुढच्या मनपा स्टॉपचं. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, मागच्या माणसाचं ‘अहो ताई, बोला की लवकर’ नको. हॉटेलात डोसा खावासा वाटतो आणि मागवली जाते इडली. हे सगळं इतकं अंगवळणी पडतं की घरच्यांनाही कळत नाही. त्यांना वाटतं, हिला इडलीच आवडते.

मेट्रो आल्यावर माझ्यासारखीला किती बरं वाटलं असेल याची कल्पना करा. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला, तेव्हा लोक सेल्फी काढत होते आणि मी तिकिटाच्या यंत्रासमोर उभी राहून मनात त्याचे आभार मानत होते. बटण दाबलं, तिकीट हातात. यूपीआयनंही तेच केलं. किराणा, रिक्षा, जेवण, औषधं, सगळीकडची तोंडी देवघेव कमी होत गेली. गेल्या काही वर्षांत शहर माझ्यासाठी खूप सोपं झालंय. मुलाखतीची खोली तेवढी होती तिथेच आहे.

तिथे पहिलाच प्रश्न नावाचा. बाकी कशालाही पर्याय शोधता येतो, स्वतःच्या नावाला येत नाही, आणि माझं नाव ‘प’वरून सुरू होतं. स्वतःचं नाव सांगायला जी बाई थांबते ती काहीतरी लपवतेय असं समोरच्याला वाटणं स्वाभाविक आहे. एका ठिकाणी ‘नाव विसरलात की काय?’ असा विनोद झाला. सगळे हसले. मीही हसले, कारण हसताना अडखळावं लागत नाही.

आणि मग येतं, ‘पाणी घ्या, रिलॅक्स व्हा’. प्रेमानंच म्हणता तुम्ही, मला ठाऊक आहे. या एका सूचनेमुळे मी बारा ऑफिसांचं पाणी प्यायलेली बाई झाले आहे. पण यात एक गैरसमज आहे आणि तो मोठ्या पदावरच्या, भरपूर शिकलेल्या माणसांमध्येही पक्का बसलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात, मूल वाक्यं जुळवायला लागतं तेव्हा, सुरू होतो. शंभरातल्या साधारण पाच मुलांच्या वाट्याला तो येतो. त्यातल्या बहुतेकांचा आपोआप जातो आणि मोठ्या माणसांमध्ये शंभरात एखाद्याचा उरतो. उरणाऱ्यांत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे माझ्यासारख्या बाईला सोबतीणही पटकन सापडत नाही. तो घराण्यांत उतरतो हे पूर्वीपासून दिसत होतंच. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या डेनिस ड्रेना आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अशा घराण्यांचा अभ्यास करत २०१० साली त्याच्याशी जोडलेली तीन जनुकं दाखवून दिली. त्या जनुकांनी सगळ्यांचा तोतरेपणा उलगडत नाही, थोड्याच लोकांचा उलगडतो. मेंदूच्या चित्रांमध्येही बोलण्याची वेळ साधणाऱ्या जोडण्या थोड्या वेगळ्या दिसतात. थोडक्यात, हा बुजरेपणा नाही आणि मन कमकुवत असल्याची खूण तर अजिबात नाही. घाबरल्यावर तो वाढतो हे खरं. पण दमेकऱ्याला धुळीत धाप लागते म्हणून दमा हा धुळीचा आजार आहे असं आपण म्हणत नाही.

शिवाय तो सगळीकडे सारखा नसतो, आणि सर्वांत जास्त घोटाळा त्यामुळेच होतो. गाताना, कुणाच्या तरी सुरात सूर मिसळून म्हणताना, घरी मांजराशी बोलताना बहुतेक तोतऱ्या माणसांची जीभ मोकळी असते. शाळेत प्रार्थना आणि प्रतिज्ञा मी खणखणीत म्हणायचे. संध्याकाळी आजीसोबत रामरक्षा, तीही कुठे न अडखळता. आणि दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला प्रकट वाचनासाठी उभी राहिले की धड्याचं पहिलंच अक्षर निघायचं नाही. बाईंना वाटायचं, ही नाटकं करते. ‘काल प्रार्थनेला तर बरी ओरडत होतीस!’ ओरडत होतेच, वर्गातल्या सगळ्यांबरोबर.

उपाय सगळे झाले. वेखंड उगाळून चाटवलं, शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं, अक्कलकाऱ्याचा तुकडा जिभेखाली धरायला लावला. त्यानं जीभ चुणचुणते, बाकी काही होत नाही. एका काकांनी तोंडात खडे धरून बोलायचा सल्ला दिला होता, ग्रीक वक्त्याची गोष्ट सांगून. आईनं त्यांना चहा दिला आणि खडे काही दिले नाहीत. हेच काका नंतर म्हणाले, ‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही, बघ पोरी.’ ते खोटं बोलत नव्हते. ज्या शहरात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि आजही लोक उन्हाळ्याच्या संध्याकाळी भाषणं ऐकायला जातात, ज्या शहरात शाळकरी पोराला आधी वक्तृत्व स्पर्धेला उभं करतात आणि मग पोहायला शिकवतात, तिथे बोलता न येणं हे लंगडं असण्यापेक्षा जास्त लाजिरवाणं समजलं जातं. अपवाद एकच, कांदेपोह्यांचा कार्यक्रम. तिथे मात्र ‘मुलगी अगदी शांत आहे हो’ म्हणून कौतुक झालं. लग्नाच्या बैठकीत जो गुण ठरतो तो नोकरीच्या बैठकीत दोष कसा ठरतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते मी मुलाखतीत द्यायचा प्रयत्न केला होता, इथे सलग देते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारतीचे कॉलम, बीम, स्लॅब किती जाडीचे, त्यात किती सळ्या, कुठे आणि किती अंतरावर, हे मी ठरवते. धायरीला एका इमारतीचा स्लॅब होता. स्लॅबच्या दिवशी सायटीवर लग्नघराची गडबड असते. पंप लागलेला, तयार काँक्रीट आणणाऱ्या आरएमसीच्या गाड्या रस्त्यावर ओळीनं उभ्या, काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा कानठळ्या बसवणारा आवाज, मुकादम शिट्ट्या मारतोय. मी वर चढले तेव्हा काँक्रीट एका टोकाकडून यायला लागलं होतं. बाल्कनीकडे बघितलं आणि पोटात गोळा आला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढे लोंबती असलेली बाल्कनी एकाच बाजूनं धरलेली असते. ती खाली झुकायला बघते, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच असावी लागते. खोलीच्या स्लॅबमध्ये मधोमध ती खाली असते, इथे बरोबर उलट. ती वर राहावी म्हणून खाली सळईच्याच छोट्या खुर्च्या ठेवतात. त्या दिवशी खुर्च्या मोजक्याच होत्या, आणि सकाळपासून माणसं त्या जाळीवरून ये-जा करून सगळी जाळी तुडवली गेली होती. सहा इंची स्लॅबमध्ये वरची सळई दोन इंच खाली बसली तर बाल्कनीची भार पेलायची ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त उतरते. वरून काँक्रीट पडलं की हे कुणालाही दिसत नाही. दिसतं ते पुढे कधीतरी, गणपतीची मिरवणूक बघायला सगळं घर बाल्कनीत येऊन उभं राहतं तेव्हा.

पंपाचा पाइप बाल्कनीच्या दिशेनं सरकत होता. मला एकच शब्द म्हणायचा होता. ‘थांबा’ अडला. ‘रुको’ अडला. ‘बंद करा’मधला ‘ब’ ओठांवर येऊन बसला आणि हललाच नाही. शब्द बदलायची माझी जन्माची तालीम तिथे काही कामाला आली नाही. व्हायब्रेटरच्या आवाजात तो शब्द निघाला असता तरी कुणाला ऐकू गेला असता की नाही देव जाणे. मी चालत गेले आणि पाइपच्या तोंडासमोर त्या जाळीवर उभी राहिले. पाइप धरणारा ओरडला. मागून आणखी कुणीतरी ओरडलं. मी हलले नाही. मुकादमाला काहीतरी कळलं आणि त्यानं जोरात शिट्टी मारली, पंप थांबला, व्हायब्रेटर थांबला. अख्खी सायट गप्प, आणि तरी माझ्या तोंडून शब्द नाही.

मी सुताराच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि बाजूच्या प्लायवर लिहिलं, ‘वरची सळई खाली गेली. खुर्च्या लावा. मग काँक्रीट.’ सळया बांधणारा फिटर वाकून बघायला लागला. तेवढ्यात माझा आवाज सुटला आणि मी तेच वाक्य तोंडानं म्हणायला लागले. अडखळत, मध्ये दोनदा पूर्ण बंद पडत. खाली गाड्यांमधलं काँक्रीट जास्त वेळ थांबत नाही, प्रत्येक मिनिटाला कंत्राटदाराचा जीव खालीवर होत होता. तरी ती सगळी माणसं, कुणी बिहारचा, कुणी विजापूरकडचा, माझं वाक्य पुरं होईपर्यंत उभी राहिली. ‘पाणी घ्या’ म्हणालं नाही कुणी. वाक्य संपल्यावर फिटर ‘हो मॅडम’ म्हणाला आणि सळया कापायला गेला.

हा प्रसंग मी एका मोठ्या ऑफिसातल्या मुलाखतीत सांगायला घेतला. तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर इतकं नेमकं जुळणं पुन्हा होणार नाही, असं वाटलं होतं. ‘बा’वर अडकले तर समोरचे म्हणाले, ‘बांधकाम? बाजू? बाथरूम?’ बाल्कनीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा उत्साह संपला. ‘काँक्रीट थांबवलं’ इथे आल्यावर, ते का थांबवलं हे सांगायच्या आत त्यांनी ‘ओके, ओके, कळलं’ म्हणून वहीत काहीतरी खरडलं. मग विचारलं, ‘म्हणजे तुमच्यामुळे स्लॅबला उशीर झाला. त्यावर क्लायंट काय म्हणाला?’

माझी वाक्यं त्यांनी पुरी केली आणि गोष्ट उलटी झाली. भरती करून देणाऱ्या बाईंनी नंतर मेल केली: टेक्निकली उत्तम, कम्युनिकेशनमध्ये कमी. माझ्या मते त्या खोलीत कम्युनिकेशन कमी पडलं हे अगदी बरोबर आहे. कुणाचं, यावर आमचं एकमत होणार नाही.

तुमचं म्हणणंही मला माहीत आहे. कामात बोलावं लागतंच, क्लायंटसमोर उभं राहावं लागतं, मग बोलणं तपासायचं नाही का? तपासा ना. रेडिओवर निवेदक हवा असेल, कॉल सेंटरमध्ये माणूस हवा असेल, तर तिथे मी अर्जच करणार नाही. पण माझ्या कामात कम्युनिकेशन म्हणजे काय ते जरा बघा. नकाशावर सळयांचा तक्ता असा लिहायचा की विजापूरकडच्या फिटरला तो मला न विचारता कळावा. आर्किटेक्टला मधला कॉलम काढून हवा असेल तर ‘नाही’ म्हणायचं आणि ते का नाही हे आकड्यांत दाखवायचं. सायटीवर चुकीचं चाललं असेल तर थांबवायचं. यातल्या कुठल्या गोष्टीचा अंदाज तुम्हाला माझ्या बोलण्याच्या वेगावरून आला? माझ्याहून भरभर बोलणारे इंजिनिअर मी पाहिलेत. त्यातल्या काहींचे नकाशे सायटीवर कुणालाच वाचता येत नाहीत.

या प्रश्नाबद्दल आणखी एक सांगायचंय, ते माझ्यापुरतं नाही. तुम्हाला संकट हवं असतं, पण संपलेलं. क्लासवाले पोरांना ‘स्टार’ नावाची पद्धत शिकवतात: परिस्थिती, काम, कृती आणि शेवटी निकाल. निकाल नसेल तर गोष्ट सांगू नका असंही बजावतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करणारी पोरं भेटतात. तिथे २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीचे असतात, त्यामुळे एकेक उत्तर घासूनपुसून तयार केलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एका मुलानं खरं संकट बाजूला ठेवून बारावीतल्या कमी गुणांची गोष्ट पाठ केली. खरं संकट घरातलं होतं, अजून चालू होतं, आणि पाच अनोळखी माणसांसमोर ते उघडं करायची त्याची तयारी नव्हती. बरोबर केलं त्यानं. ज्याच्यावर सर्वांत वाईट वेळ आली असेल त्यानं ती तुमच्या टेबलावर ठेवावी आणि तुम्ही तिला दहापैकी गुण द्यावेत, हे मला पटत नाही. कामात अडलेली एखादी गोष्ट विचारा. तिचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि त्यातून तुम्हाला हवं ते कळतंही.

माझ्या संकटाला निकाल नाही. मी वाक्चिकित्सा घेते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या विषयात काम करतेय, आणि पुण्यातही चांगले वाक्चिकित्सक आहेत. माझ्या चिकित्सक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं की अडखळणं घालवायच्या मागे लागू नका, सोपं अडखळायला शिका. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकी तज्ज्ञ स्वतः तोतरे होते आणि हा मार्ग बराचसा त्यांनी घालून दिलेला आहे. त्यात मुद्दाम अडखळायचा सरावही असतो, चारचौघांत. मी तो मंडईत भाजी घेताना केला. ज्या अक्षराला आपण जन्मभर चुकवलं ते भाजीवालीसमोर स्वतःहून तीनदा म्हणायचं. भाजीवाल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भाव मात्र एक रुपयानं कमी केला नाही. त्यानंतर मी डोसा मागवायला लागले. पण तोतरी होते आणि तोतरीच आहे, आणि हे वाक्य तुमच्या ‘निकाल’ या रकान्यात बसत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, पण व्याख्येत उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढून टाकण्याची आणि मेंदूला इजा होऊन भाषा गमावण्याची. तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे आमच्यातल्या बहुतेकांकडे प्रमाणपत्र नाही, आणि मी आरक्षण मागायला आलेलीही नाही. मात्र याच कायद्यात वाजवी सोय करून देण्याची कल्पना आहे, म्हणजे आस्थापनेवर अवाजवी बोजा न पडता करता येतील असे बदल. समान संधीचं धोरण जाहीर करायला कलम २१ खासगी आस्थापनांनाही सांगतं. तुमच्यापैकी अनेकांच्या संकेतस्थळावर ते धोरण छान छापलेलं मी वाचलंय. मुलाखतीच्या खोलीतल्या लोकांनी ते वाचलंय का, एवढंच विचारते. कारण एका ठिकाणी मी सुरुवातीलाच म्हटलं, ‘मी अडखळते, थोडा वेळ लागेल,’ तर उत्तर आलं, ‘छे हो, कुठे अडखळता? छान बोलताय!’ आणि पुढच्या वाक्याला मी अडखळले तेव्हा तेच गृहस्थ घड्याळाकडे बघत होते.

अलीकडे तर समोर माणूसही नसतो. कॅमेऱ्याकडे बघून उत्तर रेकॉर्ड करायचं, कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात, नव्वद सेकंद झाले की पडदा बंद. माणसाच्या चेहऱ्यावर निदान कंटाळा तरी दिसतो, त्याला आपण ‘एक मिनिट’ अशी खूण करू शकतो. त्या घड्याळाला काय खूण करणार? माझं उत्तर दोनदा अर्धंच गेलं. ते कुणी ऐकलं की एखाद्या प्रोग्रॅमनं माझ्या गप्प बसण्याचे गुण कापले, हे कळायला मार्ग नाही.

तेव्हा मागणं असं. मुलाखतीला बोलावण्याच्या मेलमध्ये एक ओळ घाला की बोलण्याला जास्त वेळ लागत असेल तर आधी कळवा, आणि कळवणाऱ्याला खरोखरच वेळ वाढवून द्या. रेकॉर्डिंगवाल्या मुलाखतीत घड्याळ बंद करायची किंवा लेखी उत्तराची सोय ठेवा. माझी वाक्यं पुरी करू नका. अंदाज बरोबर आला तरी करू नका. मी अडले असताना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिलात तरी चालेल, तोंड फिरवलंत की जास्त त्रास होतो. गुणपत्रिकेत ‘कम्युनिकेशन’ आणि ‘आत्मविश्वास’ हे रकाने असतील तर त्यांच्या शेजारी कशावरून ते लिहायची सक्ती करा. ‘हळू बोलते’ असं लिहावं लागलं की तुम्हालाच ते कारण तोकडं वाटेल. आणि तोंडी मुलाखतीबरोबर अर्ध्या तासाचं काम द्या. मला एखादा चुकलेला नकाशा द्या आणि चुका शोधायला सांगा, मग बघा.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. कॉलेजांमध्ये कॅम्पसच्या मुलाखती दरवर्षी होतात, आणि शंभरात एक हे प्रमाण धरलं तर प्रत्येक मोठ्या कॉलेजात अशी काही मुलं रांगेत असणारच. आत्ता ती आरशासमोर स्वतःचं नाव घोकत असतील. त्यांना कुणी आधीच सांगितलं की इथे वेळ मिळेल, तर ती घोकंपट्टी सोडून विषयाचा अभ्यास करतील.

या पत्रावर काही विचारायचं असेल तर मेल करा. फोन केलात तरी चालेल. फक्त उचलल्यावर पलीकडून काही ऐकू आलं नाही तर ‘रेंज नाही वाटतं’ म्हणून ठेवून देऊ नका. रेंज असते. मी ‘हॅलो’ म्हणत असते.

आपली,
कोथरूडची एक स्ट्रक्चरल इंजिनिअर